माल किती, हे विचारू नको

बऱ्याच शनिवारांनंतर आज निवांत वेळ मिळालाय. रिलीज काल रात्रीच पार पडलं, अजून तरी कोणाची बोंब नाही, आणि रूममेट गावाला गेल्यामुळे घरात शांतता आहे. तर मंडळी, एक जुनी गोष्ट लिहून टाकतो. गोष्ट माझ्या फजितीची आहे, पण त्यात पैसे आप्पांचे होते. म्हणूनच इतके दिवस लिहिली नाही.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. गाव धरणगाव. पुण्यात गावाचं नाव सांगितलं की समोरचा आधी "म्हणजे नाशिककडे का?" असं विचारतो. मग मी सांगतो, जळगाव जिल्हा, सुरत-भुसावळ लाइन, बालकवींचं जन्मगाव. सगळा कपाशीचा पट्टा. आप्पांनी तीस वर्षं एका जिनिंग फॅक्टरीत दिवाणजी म्हणून काढली. गाडी गेटातून आत आली की मुठीत कापूस दाबून ओल किती आहे ते सांगणारा माणूस. कॅल्क्युलेटर त्यांच्या टेबलावर असायचा, पण तो आम्हा पोरांना खेळायला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या शेजारचं मोठं गाव अमळनेर. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली. सुरुवातीच्या काळात अमळनेरच्या बऱ्याच सामान्य घरांनी शंभर रुपये दर्शनी किमतीचे तिचे शेअर घेतले होते. पुढे बोनस आणि स्प्लिट होत होत त्या शेअरांचं काय झालं, हे तुम्ही पेपरात वाचलं असेलच. आजोबांनी घेतलेले कागद आणि नातवाच्या नावावर कोटी! आमच्या भागात शेअर मार्केट म्हणजे ही गोष्ट. लग्नात, एसटीत, पानटपरीवर, सगळीकडे ऐकू येते, आणि तिचं तात्पर्य ठरलेलं: घ्या, ठेवा, विसरून जा. त्याच काळात दुसऱ्या कंपन्यांचे कागद घेऊन, ठेवून, विसरून ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नसतंच म्हणा.

असो. तर २०२०. नोकरीला लागून माझं जेमतेम वर्ष झालं होतं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन धरणगावला पोचलो. दिवसभर माडीवर कॉल, संध्याकाळी ओट्यावर गप्पा. त्याच महिन्यात बाजार कोसळला होता, आणि देशभरातली माझ्या वयाची मंडळी घरबसल्या डिमॅट खाती उघडत होती. मीही उघडलं. मग आप्पांना उघडून दिलं. मग मेडिकलवाल्या मित्राला, गणिताच्या सरांना, एलआयसीवाल्या भाऊंना. ओटीपी यायला वेळ लागला की सर म्हणायचे, "रेंजचा प्रॉब्लेम आहे, छतावर जाऊ." तोंडाला रुमाल बांधून चार जण छतावर फोन उंच धरून उभे, असं आमचं दलाल स्ट्रीट.

आप्पा निवृत्त झाले होते. फॅक्टरीकडून मिळालेल्या रकमेतले काही पैसे त्यांनी बाजूला ठेवले होते. माझी चुलत बहीण तेव्हा दहावीला होती, पुढे तिला फार्मसीला जायचं होतं, त्या फीचे ते पैसे. मला म्हणाले, "बँकेत सहा टक्के बी भेटत नाही. तू शिकलेला आहेस, एखादी चांगली कंपनी सांग."

मी सांगितली शेमारू.

का सांगितली ते आज प्रामाणिकपणे आठवून पाहतो, तेव्हा पहिलं कारण शुद्ध भावनिक निघतं. लहानपणी आमच्याकडे व्हीसीडी प्लेअर होता. जळगावहून येताना बाबा सिनेमाची व्हीसीडी आणायचे, आणि सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर शेमारूचं नाव यायचं. बालपणीची ओळख, झालं. दुसरं कारण, कंपनीची गोष्ट छान होती. १९६२ साली मुंबईत पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणून हिची सुरुवात झाली. १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला लागले. मग सिनेमांचे हक्क विकत घेणं, ते टीव्हीला, व्हीसीडीला, यूट्यूबला देणं. सप्टेंबर २०१४ मध्ये आयपीओ आला, १७० रुपये भावाने, १२० कोटींचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी स्वतःचं स्ट्रीमिंग अ‍ॅप काढलं, शेमारूमी. आणि २०२० मध्ये शेअर मिळत होता आयपीओच्या भावाच्या कितीतरी खाली.

माझ्या इंजिनिअर डोक्याने लगेच भागाकार केला. कंपनीची बाजारातली एकूण किंमत भागिले तिच्याकडची तीन हजारांहून जास्त टायटल्स. एका टायटलमागे काही लाख रुपये! सेकंड हँड कारच्या भावात अख्खा सिनेमा! त्यात थिएटरं बंद, लोक घरात कोंडलेले, प्रत्येकाच्या हातात स्वस्त डेटा. मी ओट्यावर हे सगळं एक्सेलमध्ये दाखवलं. आप्पांनी चष्मा वर करून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पैसे टाकले. थोडे मीही टाकले. मेडिकलवाला, सर आणि भाऊ मागोमाग आलेच.

आता खरी गंमत. शेअर घेतला की माणसाला दर तासाला काहीतरी बघायला लागतं. भाव तर सगळेच बघतात. आम्हाला वाटलं, आपण अभ्यासू गुंतवणूकदार, आपण व्यवसाय बघू. व्यवसाय म्हणजे काय? लायब्ररी. मग अ‍ॅप उघडून रोज बघायचं, नवीन काय आलं? तर फारसं काही येईना. कधी दोन सिनेमे, कधी एक नाटक, कधी आठवडाभर काहीच नाही. इकडे बाकीचे परदेशी आणि देशी अ‍ॅपवाले दर शुक्रवारी ढोल वाजवत नवीन माल आणत होते.

लायब्ररी इतकी सावकाश का वाढते, यावर आमच्या ग्रुपमध्ये जे तर्क चालायचे ते ऐकायला हवे होते. मेडिकलवाल्याचं ठाम मत होतं की आतून मोठी डील शिजतेय, एकदम पाचशे सिनेमे येणार, तोवर शांत बसलेत. सर म्हणायचे, पैसा टीव्हीकडे वळलाय. त्यात तथ्य होतं. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने मराठीबाणा हे मराठी सिनेमांचं चॅनेल सुरू केलं होतं आणि मे महिन्यात शेमारू टीव्ही. भाऊंचा तर्क भाऊंसारखाच: "कोणीतरी मोठा येऊन कंपनीच घेणार. विकायच्या घराला कोणी रंग देतं का?" आणि प्रत्येक तर्काच्या शेवटी कोणीतरी अमळनेर काढायचाच. "विप्रो बी आधी तूपच विकत होती ना?" झालं, विषय संपला.

माझा तर्क अर्थातच सगळ्यांत भारी होता, कारण त्यात अमेरिका होती. नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केलं तेव्हा त्यात साधारण हजारच टायटल्स होती. डीव्हीडीच्या मानाने हा आकडा अगदीच किरकोळ, म्हणून तिथले छोटे गुंतवणूकदारही आमच्यासारखेच मोजत आणि कुजबुजत बसत. मग ऑक्टोबर २००८ मध्ये स्टार्झशी करार झाला आणि एका झटक्यात अडीच हजारांच्या आसपास टायटल्स आली. म्हणजे सावकाश, सावकाश, आणि मग एकदम! मी ग्रुपवर लिहिलं, "आपण २००७ मध्ये आहोत." काय वाक्य होतं! आज आठवलं की कान गरम होतात.

पण नुसत्या वाक्यावर थांबेन तर मी इंजिनिअर कसला. मी एक स्क्रिप्ट लिहिली. दर शनिवारी रात्री ती साइटवरच्या सिनेमांची पानं मोजायची, मागच्या आठवड्याशी तुलना करायची, आणि मी तो आकडा ग्रुपवर टाकायचो. या आठवड्यात अधिक तीन. या आठवड्यात अधिक एक. या आठवड्यात उणे दोन (मुदत संपली असावी). ग्रुपवर त्या आकड्याची वाट बघितली जायची. सर त्याचा आलेख काढायचे. बाजारात कोणाकडे नसलेली माहिती आमच्याकडे आहे, धरणगावच्या एका माडीवर, असं खरोखर वाटायचं.

२०२१ च्या सुरुवातीचा एक शनिवार. आकडा आला, अधिक त्रेचाळीस.

मी दोनदा चालवून बघितली. अधिक त्रेचाळीस. ग्रुपवर टाकला आणि जी काही दिवाळी झाली! मेडिकलवाल्याने लिहिलं, "मी म्हटलं होतं ना?" रविवारी ओट्यावर दुसरा विषय नव्हता. आप्पा तेवढे काही बोलले नाहीत, ऐकत होते.

पुढच्या गुरुवारी रात्री सहज म्हणून मी यादी डोळ्यांनी बघायला घेतली. नवीन आलेले सिनेमे कोणते ते तर बघू. पहिलं नाव ओळखीचं. दुसरंही. पाचव्या नावाला पोटात गोळा आला. माझी स्क्रिप्ट सिनेमे मोजतच नव्हती, ती पत्ते मोजत होती. एकच सिनेमा 'मराठी'त दिसला आणि 'विनोदी'तही दिसला, तर दोन पत्ते, म्हणून दोन सिनेमे. त्या आठवड्यात एवढंच झालं होतं की जुने सिनेमे नव्या कप्प्यांत दिसायला लागले होते. डुप्लिकेट काढायची एक ओळ मी लिहिली नव्हती. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात ती. त्रेचाळीसमधून डुप्लिकेट काढल्यावर खरे नवे उरले दोन.

ग्रुपवर लगेच लिहिलं. सरांनी "हरकत नाही, आलेख दुरुस्त करतो" म्हटलं. मग आप्पांना सांगायला खाली गेलो. ते जेवून पान लावत बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, तो त्रेचाळीसचा आकडा चुकला. माझी चूक आहे."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी सोमवारी अजून घेतले."

"किती?"

त्यांनी सांगितलं. ते उरलेले होते तेवढे सगळे. म्हणजे आता फीचे सगळेच्या सगळे पैसे त्या एका शेअरमध्ये होते. आणि आतल्या खोलीत बहीण मोठ्याने पाठांतर करत होती, ते ऐकू येत होतं. मला अजून आठवतं, काय बोलावं ते सुचेना म्हणून मी त्यांच्या पानाच्या डब्याचं झाकण उघडझाप करत बसलो होतो.

आप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पान तोंडात टाकलं आणि आमच्या घरच्या अहिराणीत विचारलं, "पण तू मोजी काय राहिना रे?" म्हणजे, तू नक्की मोजतोयस काय?

"लायब्ररी. माल किती आहे ते."

"माल किती शे हाई नको सांगू," ते म्हणाले. आणि मग तासभर जे बोलले ते मी जमेल तसं इथे उतरवतो.

ते म्हणाले, जिनिंगमध्ये नवीन पोरगा आला की तो आधी गंज्या मोजतो. गोदाम भरलेलं दिसलं की शेठ श्रीमंत. दिवाणजी मात्र चार गोष्टी विचारतो. एक, माल कोणत्या भावात घेतलाय? तेजीत भरलेलं गोदाम म्हणजे दौलत नव्हे, ती उद्याची रड आहे. दोन, किती दिवस पडून आहे? कापसाला घट असते. ओल उडाली की वजन कमी होतं, रंग पिवळा पडतो, पण वहीत मात्र घेतलेल्या दिवसाचं वजन आणि घेतलेल्या दिवसाचा भाव लिहिलेला असतो. तीन, उतारा किती? एक क्विंटल कापसातून रुई निघते एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी सरकी. गाडीभर माल दिसतो, विकायचं मुख्य त्यातलं तेवढंच. आणि चार, उचल आहे का? गाठी बांधून ठेवल्या, पण ट्रक लागला का? पैसा आला का? ते म्हणाले, "गोदाम सावकाश भरी राहिनं, ते चांगलं का वाईट, हाई नुसतं गोदामकडे पाहीसन कसं समजई?"

मी वर गेलो, आणि कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा वाचला. खरंच पहिल्यांदा. त्याआधी मी त्यातले फोटो आणि आलेखच बघितले होते.

पहिली गोष्ट दिसली ती अशी की सिनेमांचे हक्क ताळेबंदात 'इन्व्हेंटरी' म्हणून मांडलेले आहेत. साठा! म्हणजे आप्पांच्या गोदामाची उपमा उपमा नव्हतीच, हिशेबाच्या पुस्तकातही तोच शब्द होता. आणि हा साठा कंपनीच्या वर्षभराच्या विक्रीपेक्षा जास्त होता. आयपीओनंतरची बरीच वर्षं पैसा हक्क विकत घेण्यात जात होता, नफा वहीत दिसत होता, आणि रोख मात्र साठ्यात अडकत होती. म्हणजे लायब्ररी आता सावकाश वाढतेय, ही ज्याला आम्ही रोगाची खूण समजत होतो, ती कदाचित पथ्याची खूण असेल. गोदाम भरलंय, आता विकू या आधी, असा विचार. किंवा नसेलही. पण आमच्या आकड्यावरून दोन्हींतलं काहीच कळत नव्हतं, हे मात्र नक्की.

दुसरी गोष्ट, 'एक टायटल' हे मोजमापच फसवं. काही सिनेमांचे हक्क कायमचे असतात, काहींचे पाच-दहा वर्षांसाठी घेतलेले. काहींचे फक्त टीव्हीचे, काहींचे फक्त इंटरनेटचे. जुन्या करारांच्या वेळी इंटरनेट नावाची गोष्टच नव्हती, त्यामुळे डिजिटल हक्क कोणाचे, यावर निर्मात्याच्या वारसांशी नव्याने बोलावं लागतं. बरं, 'कायमचे' म्हणजेही कायमचे नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. आमच्याच भागाचं उदाहरण घ्या. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांच्या पुस्तकावरून अत्र्यांनी काढलेला 'श्यामची आई' आला १९५३ मध्ये, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा सिनेमा. त्या सिनेमावरचा हक्क २०१३ च्या अखेरीस संपला. जुन्या सिनेमांच्या लायब्ररीत दर एक जानेवारीला थोडी घट धरलेलीच असते, आप्पांच्या कापसासारखी. माझ्या भागाकारात हा सिनेमा आणि कालचा हिट सिनेमा, दोघंही 'एक'.

तिसरी गोष्ट कळली ती नेटफ्लिक्सची. मी ग्रुपवर टाकलेली गोष्ट अर्धीच होती. ज्या स्टार्झ कराराने लायब्ररी फुगली, तो वाढवण्याची बोलणी सप्टेंबर २०११ मध्ये फिसकटली, आणि फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीस ते सिनेमे निघून गेले. त्याच २०११ मध्ये दरवाढीमुळे एका तिमाहीत आठ लाख अमेरिकन ग्राहक सोडून गेले, आणि जुलैत तीनशे डॉलरच्या आसपास असलेला शेअर वर्षअखेर सत्तरच्या खाली आला. म्हणजे लायब्ररी वाढली म्हणून निर्धास्त झालेला छोटा गुंतवणूकदार तिथेही आपटला. पण त्याहून गमतीचं पुढे आहे. २०१३ मध्ये 'हाउस ऑफ कार्ड्स' आलं, कंपनी स्वतःचा माल बनवायला लागली, आणि त्या दशकात त्यांच्या अमेरिकेतल्या लायब्ररीतल्या सिनेमांची संख्या चक्क कमी झाली. ग्राहक मात्र २०१० च्या अखेरीस २ कोटी होते ते २०१८ च्या अखेरीस १३.९ कोटी झाले. माझी स्क्रिप्ट तिथे चालवली असती तर दर शनिवारी उणे दाखवत बसली असती, आणि मी आप्पांना विकायला लावलं असतं.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. मोझर बेअर आठवते? २००७ मध्ये २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी! आमच्या घरातल्या निम्म्या चकत्या त्यांच्याच होत्या. त्यांनी भाषाभाषांमधल्या सिनेमांचे हक्क धडाधड घेतले. लायब्ररी भराभर वाढत होती, कोणी मोजत असतं तर खूश झालं असतं. पण लोक चकती विकत घ्यायचेच बंद झाले. कंपनीचा मूळ धंदा कोऱ्या डिस्कचा, तोही आटला, सौरऊर्जेत घातलेल्या पैशाचं कर्ज झालं. २०१७ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २०१८ मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. गोदाम भरलेलं, ट्रक लागत नाही. आप्पांचा चौथा प्रश्न.

मग आम्ही काय केलं? आप्पांनी मागच्या सोमवारी घेतलेले शेअर पुढच्या काही दिवसांत थोड्या तोट्यात विकले. तो तोटा मी भरून देतो म्हटलं तर म्हणाले, "दिवाणजी मी, आणि विचारलं नाही मी. भरून काय देतो?" आधीचे ठेवले. मी स्क्रिप्ट बंद केली. ग्रुपवर दोन शनिवार लोकांनी आकडा विचारला, मग विसरले.

इथे गोष्ट संपली असती तर मी आप्पांचं शहाणपण सांगून मोकळा झालो असतो. पण पुढचं सांगितलं नाही तर ते खोटं होईल.

२०२२ च्या सुरुवातीला कापसाचा भाव आमच्याकडे क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, काही ठिकाणी बारा हजारांपर्यंत. कोणी जन्मात बघितला नव्हता असा भाव. त्यामुळे पुढच्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, खान्देशात घरोघर लोकांनी कापूस विकलाच नाही. पुन्हा बारा हजार होणार म्हणून ठेवला. आमच्याही घरी ठेवला. कोणी? आप्पांनी! पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, मधून पायवाट. घरातल्या सगळ्यांना अंगाला खाज. मी दिवाळीला गेलो तेव्हा त्या कापसाला टेकूनच जेवलो. मी हळूच विचारलं, "आप्पा, ते चार प्रश्न?" ते म्हणाले, "तू गप जेव." भाव उतरत उतरत मे २०२३ पर्यंत सात हजारांच्या आसपास आला, आणि शेवटी पावसाच्या तोंडावर जड मनाने तो विकला.

आणि बहिणीची फी? तिला प्रवेश मिळाला त्या पावसाळ्यात. कापसाचे पैसे कमी आलेले, म्हणून आप्पांनी २०२० मधले शेअर विकले. तेव्हा शेमारूचा भाव आमच्या खरेदीच्या दुपटीच्या वर-खाली होता. फी भरली गेली. घरात माझं कौतुक झालं. काकूंनी खापरावरची पुरणपोळी केली. आणि मी ती खाताना विचार करत होतो की माझ्या एकाही तर्काचा या दुपटीशी काडीचा संबंध नाही. लायब्ररी एकदम वाढली नव्हती, मोठी डील आली नव्हती, कंपनी कोणी घेतली नव्हती. २०२० च्या खड्ड्यातून सगळा बाजारच वर आला होता, त्यात आम्हीही आलो. पुढे २०२३-२४ मध्ये कंपनीने साठ्यातला बराचसा भाग जास्त वेगाने खर्चात टाकायला घेतला आणि त्या वर्षी तोटा दाखवला. घट वहीत उतरली. आप्पा तेव्हा बाहेर होते, पण ते काही आमच्या हुशारीमुळे नव्हे. फीची तारीख तेव्हा आली म्हणून.

मला या सगळ्यात सतावतं ते वेगळंच. आम्ही पाच जण, सगळे आपापल्या कामात हुशार. सर गणितात, मेडिकलवाला औषधांच्या साठ्यात (एक्स्पायरी डेट बघितल्याशिवाय तो गोळीला हात लावत नाही!), भाऊ मुदतींच्या कागदात, आप्पा मालात, मी डेटात. सिनेमाच्या हक्कांना भाव असतो, एक्स्पायरी असते, कागद असतो, घट असते. जे ओळखायला हवं होतं ते प्रत्येकाला रोजच्या धंद्यातून येत होतं. पण शेअर म्हटल्यावर आम्ही आपापलं शहाणपण चपलांसारखं ओट्याखाली काढून ठेवलं आणि एका आकड्याभोवती बसलो, कारण तो मोजता येत होता. आणि तो मोजणारा मी होतो. स्क्रिप्टमधून आलेल्या आकड्याला लोक प्रश्न विचारत नाहीत, हे मला त्या गुरुवारी रात्री कळलं. ऑफिसात मी रोज डॅशबोर्ड बनवतो. त्यावरच्या आकड्यांवर कोणीतरी सोमवारी काहीतरी करत असणार, हा विचार त्याआधी कधी डोक्यात आला नव्हता. आता येतो. कोणताही आकडा पाठवायच्या आधी मी दहा ओळी डोळ्यांनी वाचतो. टीमलीडला वाटतं मी उगाच वेळ काढतो.

माझे थोडे शेअर अजून आहेत. का ठेवलेत विचाराल तर धड सांगता येणार नाही. अमळनेरचं पाणी असावं.

मागच्या आठवड्यात घरी फोन केला होता. बहिणीची परीक्षा जवळ आलीय, पाऊस बरा आहे, कपाशी गुडघ्याला लागलीय. आप्पांनी शेवटी नेहमीसारखं विचारलं, "मंग, आजकाल काय मोजी राहिना?"

म्हटलं, "काही नाही आप्पा, शनिवार मोजतोय."

चला, चहा गार झाला. पुढच्या शनिवारी भेटू.